पेपरमिंटच्या एक्केचाळीस गोळ्या

—नाही, नाही, सही नंतर. आधी मला हे सांग शुभा, की ही मंजुळा कोण? नाही, तू केस स्टडीच्या जर्नलात लिहिलंयस ना — 'पाचवी ब मधील मंजुळा नावाची मुलगी, वय वर्षे अकरा, अत्यंत अबोल, वर्गात एकही शब्द उच्चारत नाही' — कोण ही? माझ्या वर्गात एकच मंजुळा आहे, आणि ती — थांब, खिडकीतून बघ, तिसऱ्या बाकावरची, लाल रिबीनवाली — ती आत्तासुद्धा बोलतेय. मी गणितं घालून बाहेर आले, सगळी माना खाली घालून बसलीत आणि हिचं तोंड चालूच. परवा हेडबाई राउंडला आल्या तर त्यांना म्हणाली, बाई, तुमच्या साडीला इस्त्रीचा डाग पडलाय. ही अबोल? ही अबोल असेल ना गं, तर मी ठार मुकी आहे. — जा रे, जा, पळ! — काय बघतेस त्याच्याकडे? त्याला जायचं होतं, तो गेला. माझ्या वर्गात विचारायचं नसतं, उठायचं आणि जायचं. सवयीने दाखवतात करंगळी, दाखवू देत. हेडबाईंनी त्यावरून दोनदा मेमो दिलाय मला. तो विषय सोड. तुझं बोल.

उतरवलंस. हां, असं सरळ बोल. मान कशाला खाली घालतेस, लिहिताना घातली होतीस तेवढी पुरे. पण उतरवताना निदान डोळे तरी उघडे ठेवायचे! 'मुलीचे घर खाडीलगत असून वडील होडीवर जातात.' कुठली खाडी गं? घाटकोपरच्या डोंगरावर? मंजुळाचा बाप विक्रोळीला कारखान्यात लेथवर आहे, त्याने होडी पाहिली असेल ती कॅलेंडरवर. 'अंगास मासळीचा वास येत असल्याने इतर मुली शेजारी बसण्यास नाखूश.' अगं, माळकऱ्याची पोरगी ती! त्यांच्या घरात अंडंसुद्धा शिजत नाही. तिच्या आईने हे वाचलं ना, तर चप्पल घेऊन तुझ्या ट्रेनिंग कॉलेजवर येईल. शी! मला किळस आली वाचताना, खरंच सांगते. दुसऱ्याच्या ताटातलं उष्टं उचलायचं आणि वर त्यावर आपलं नाव घालायचं. बरं, नाव तरी खोटं घालायचंस! एक जिवंत मुलगी तिथे बसलीय, रोज तू तिला बघतेस, महिनाभर पाठ घेतेयस या वर्गावर, आणि तिचं नाव उचलून चिकटवलंस या मढ्याला.

रडू नकोस. रडून मला काही होत नाही. आणि हा डबा ठेव खाली, खडूच्या तुकड्यांचा आहे, हात नको लावूस त्याला. दे इकडे.

कुणाकडून घेतलंस? मैत्रिणीकडून. आणि मैत्रिणीने? तिच्या वहिनीकडून. वहिनी कुठल्या बॅचची — अडुसष्ट. आणि वहिनीला कुणी दिलं, ते माहीत नाही. बरोबर आहे, कुणालाच माहीत नसतं. हॉस्टेलच्या एका ट्रंकेत असतं, नाहीतर कॉलेजच्या लायब्ररीतल्या कपाटात, 'आदर्श केस स्टडी' म्हणून निळ्या पुठ्ठ्यात बांधलेलं. दर वर्षी पाच-सहा जणी उतरवतात. एकजण मुलीचा मुलगा करते, एकजण पाचवीची सहावी करते, बाकी सगळं तस्संच. आणि तुमचे प्राध्यापक सही ठोकतात, कारण ते गुणांची चौकट सोडून काही वाचतच नाहीत. मला माहितीय. मी नाही का गेलेय त्यातून.

चार वाजता जमा करायचंय, हे पाचव्यांदा सांगितलंस. सही नसेल तर वर्ष गेलं, हे पण कळलं. वडील रिटायर झालेत, धाकटी बहीण आहे, नोकरी ठरल्यात जमा आहे, सगळं ऐकलं मी. पण अजून पावणेतीन वाजलेत, आणि कॉलेज इथून दहा मिनिटांवर आहे. तोवर माझं ऐकायचं. सही हवीय ना? मग ऐक.

तुला मानसशास्त्रात किती होते गं पहिल्या चाचणीत? बासष्ट. मला एकोणऐंशी होते. तेव्हा एकोणऐंशी म्हणजे — जाऊ दे. सगळं पाठ होतं मला. तो रशियातला कुत्रा, घंटा वाजली की लाळ गाळणारा. ती पिंजऱ्यातली मांजर, धडपडता धडपडता दोरी ओढायला शिकणारी. ते अमेरिकेतलं कबूतर, चोच मारली की दाणा. चोच मारली, दाणा. चोच मारली, दाणा. आणि दाणा बंद केला की हळूहळू चोच मारणं बंद. प्रबलन आणि विलोपन! केवढे मोठे शब्द गं, मी घरी आरशासमोर उभी राहून म्हणायची. आणि भिंतीवर तो तक्ता — व्यक्तिमत्त्व विकासाच्या पायऱ्या, जन्मापासून म्हातारपणापर्यंत, पायरीगणिक एक चौकट. सहा ते बाराची चौकट काय सांगते? सांग ना. नाही आठवत? या वयात मूल ठरवतं, की आपल्याला काही जमतं की आपण कमी पडतो. एकदा 'कमी पडतो' हे बसलं की जन्मभर बसतं. ही चौकट मी रंगीत खडूने काढली होती. पिवळ्या. सगळ्या कॉलेजला दाखवली होती आमच्या मानसशास्त्राच्या पेठे सरांनी. आणि एवढं सगळं माहीत असलेल्या बाईने — थांब, येतेच मी तिथे.

पान उलट. सोळावं पान. नाही, वाचू नकोस, मी म्हणते न बघता, तू फक्त डोळे ठेव. 'मुलीस प्रत्येक उच्चारित शब्दामागे एक पेपरमिंटची गोळी देण्यात आली. खुणा व हातवारे यांकडे पूर्ण दुर्लक्ष करण्यात आले. एकोणीस दिवसांत मुलीने एक्केचाळीस शब्द उच्चारले. मुलीस गोळ्यांची विशेष आवड निर्माण झाल्याचे दिसून आले.' आहे? शब्द न् शब्द? आता तळाशी बघ. 'विसाव्या दिवशी निरीक्षकांच्या उपस्थितीत शिक्षिकेने अनिष्ट वर्तनास प्रबलन न देण्याचा निग्रह यशस्वीपणे पाळला.' आहे ना?

काय बघतेस माझ्याकडे अशी? हो. मीच.

मीच लिहिलंय ते. साठ साली. निळा पुठ्ठासुद्धा माझाच, मोठ्या भावाने बांधून आणला होता. पहिला नंबर आला त्याला, कॉलेजात बक्षीस दिलं, पेठे सर म्हणाले होते, उत्तरा, हे पुढच्या मुलींना नमुना म्हणून राहील. राहिला बघ. चौदा वर्षं राहिला. मला वाटलं होतं वाळवीने खाल्लं असेल एव्हाना. वाळवीलासुद्धा चव नसेल लागली. तू सकाळी माझ्या टेबलावर ठेवलंस, मी पहिलं वाक्य वाचलं आणि ओळखलं. तिसरीचा तास पेशव्यांवर होता, मी अकबर शिकवून आले.

तिचं नाव शेवंती. मंजुळा नाही. माहुलची. माहुल पाहिलंयस? नसशील. इकडे खाडी, तिकडे तेलाचे मोठमोठे कारखाने, मध्ये कोळीवाडा. वाऱ्याची दिशा बदलली की अर्धा वर्ग कपाळ धरून बसायचा. म्युनिसिपालटीच्या शाळेत पाठ घ्यायला पाठवलं होतं आम्हाला. मी तर नाकाला रुमाल लावून जायची पहिल्या आठवड्यात, आता लाज वाटते सांगायला, पण लावायची. शेवंती मागच्या बाकावर एकटी. एकटी का, तर शाळेच्या पहिल्याच दिवशी तिला धडा वाचायला उभं केलं होतं आणि ती तिच्या कोळी बोलीत वाचायला लागली. म्हणजे अक्षरं पुस्तकातली पण हेल घरचा. वर्ग हसला. बाहेरून आलेली नोकरदारांची मुलं होती ना निम्मी, ती हसली. मास्तरही हसले. ती बसली ती बसलीच. त्यानंतर पाच महिने ती पोर वर्गात बोलली नव्हती. पाटीवर लिहायची, अक्षर मोत्यासारखं, गणित बरोबर, पण तोंड बंद. काही हवं असेल तर हाताने सांगायची. पाणी, तर अंगठा ओठाला. पाटी पुसायला फडकं, तर हवेत हात फिरवायची. बाहेर जायचं, तर करंगळी.

आणि मला काय वाटलं असेल? दया? छे! मला आनंद झाला गं. माझी केस मिळाली मला! बाकीच्या मुली कुठे उनाड मुलगा, कुठे चोरी करणारा मुलगा शोधत हिंडत होत्या, आणि मला आयती मिळाली, पुस्तकात शोभेल अशी. मी त्याच दिवशी स्टेशनजवळून पावशेर पेपरमिंट घेतल्या.

चोच मारली, दाणा. सांगितलं तिला — शेवंती, एक शब्द बोललीस की एक गोळी. हातवारे केलेस की मी बघणार नाही. पाणी हवं, तर 'पाणी' म्हण. पहिल्या दिवशी तिला तहान लागली असणार, चार वेळा अंगठा ओठाला लावला तिने. मी बघितलं नाही. म्हणजे बघितलं, पण नाही बघितलं. दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलाजवळ आली आणि म्हणाली, 'पाणी.' एवढुसा आवाज. मी गोळी दिली. तिने घेतली, मुठीत धरली आणि माझ्याकडे बघून हसली. काय हसली गं ती! पुढचा एक दात अर्धा तुटलेला. मी वहीत लिहिलं — शब्द एक, वेळ दहा चाळीस. मग रोज. 'खडू.' 'बाई.' 'नऊ.' 'हजर.' हजर म्हणाली त्या दिवशी मी घरी जाऊन सगळ्यांना सांगितलं. आमच्या आप्पांनी पेढे आणले. एकोणीस दिवस, एक्केचाळीस शब्द. मला वाटलं, माझ्या हातात किल्लीच आली माणसाची.

— अरे, दोघं एकदम? जा, जा, भांडू नका फक्त! —

विसाव्या दिवशी पेठे सर आले निरीक्षणाला. मागच्या बाकाशेजारी खुर्ची टाकून बसले, मांडीवर वही. आणि त्यांना दाखवायचं म्हणून मी नियम आणखी कडक केला. आपला आपण. कुणी सांगितलं नव्हतं. म्हटलं, आज नुसता शब्द चालणार नाही, आज पूर्ण वाक्य, तेही शुद्ध. पाठ चालू झाला. दहा मिनिटं झाली, शेवंतीने करंगळी वर केली. मला दिसली. मी फळ्याकडे वळले. परत वळले, करंगळी वरच. पाय एकमेकांत अडकवून बसलेली. मी पुढच्या बाकावरच्या मुलीला प्रश्न विचारला. सर लिहीत होते. त्यांचं ते पेन चालताना दिसलं ना, की मला अंगात वारं भरल्यासारखं व्हायचं. मग शेवंती उभी राहिली. आणि बोलली, शुभा. बोलली ती. गोळीसाठी नाही, कशासाठी नाही, गरजेला बोलली. पाच महिन्यांत पहिल्यांदा सगळ्या वर्गासमोर अख्खं वाक्य बोलली, पण तिच्या बोलीत. घरी आईला जसं म्हणेल, तसं. मला कळलं. कुणालाही कळलं असतं, दगडाला कळलं असतं! वर्ग फिसकन हसला. आणि मी — मी काय केलं असेल? मी हात बांधून उभी राहिले आणि म्हणाले, 'शेवंती, नीट सांग. पूर्ण वाक्यात. शुद्ध.'

ती उभीच होती. ओठ हलत होते तिचे, जुळवत होती बिचारी. मी गोळी वर धरली होती हातात. वर धरली होती, सगळ्यांना दिसेल अशी.

मग जे व्हायचं ते झालं. फ्रॉक भिजला, पायांवरून खाली फरशीवर. शेजारच्या रांगेतल्या पोरी पाय वर घेऊन ओरडल्या. हसले गं सगळे, बाकं बडवून हसले. तिने कुणाकडे बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं. फक्त माझ्याकडे. रडली नाही. दप्तर तिथेच टाकून चालत बाहेर गेली. धावली असती तर बरं झालं असतं, चालत गेली. आणि मी? मी मागे गेले नाही. पाठ संपायला अठरा मिनिटं होती. मी पाठ पूर्ण केला. पूर्ण केला, शुभा! फळा स्वच्छ पुसला, गृहपाठ दिला. सरांनी वहीत लिहिलं, 'प्रयोगात भावनेला थारा दिला नाही, प्रशंसनीय.' मला दाखवलं. आणि मला बरं वाटलं. हे जे बरं वाटलं ना मला त्या क्षणी, त्याची आजही ओकारी येते. सरांची नाही येत. माझी येते.

ती परत आली नाही. दुसऱ्या दिवशी नाही, आठवड्यात नाही. मी पण पंधरा दिवसांत निघाले तिथून, माझे पाठ संपले. 'प्रगती समाधानकारक' लिहिलं, बांधून घेतलं, बक्षीस घेतलं. तिच्या घरी नाही गेले. चालत पाच मिनिटांवर होतं घर.

शेवटच्या दिवशी तिची आई आली शाळेत, सरूबाई. टोपली बाहेर कठड्यावर ठेवून आली. मला वाटलं भांडेल, शिव्या देईल, मी तयारच होते, उलट उत्तर पण तयार होतं माझं, मानसशास्त्रातलं. भांडली नाही. हा डबा ठेवला माझ्या टेबलावर. हा, हाच, खडूचा. मिशेरीचा डबा होता तो तिचा. म्हणाली, 'बाय, हे तुमचं हाय. पोरीनं एक बी खाल्ली नाय.' उघडला. आत सगळ्या गोळ्या. चिकटून एक ढेकूळ झालेलं, पण होत्या सगळ्या. मी नंतर घरी सोडवून मोजल्या, कोमट पाण्यात हात बुडवून. एक्केचाळीस. म्हटलं, का नाही खाल्ल्या? तर म्हणाली, 'तिला पेपरमिंट आवडत नाय. जिभेला झोंबतं म्हणते. तुमी देता म्हणून ठेवायची.'

तुमी देता म्हणून. कळलं तुला? 'मुलीस गोळ्यांची विशेष आवड निर्माण झाल्याचे दिसून आले.' लिही! उतरव! चौदा वर्षं उतरवताय, आणखी उतरवा! दाणा नव्हताच गं तो. ती माझ्यासाठी बोलत होती. मी हसायची ना तिने शब्द काढला की, त्यासाठी. त्याला तुमच्या पुस्तकात चौकट नाही. कुत्रा आहे, मांजर आहे, कबूतर आहे, एखाद्या बाईवर जीव लागलेली पोर नाही कुठे. आणि मी मूर्ख, तिच्या तोंडापुढे गोळी नाचवत होते.

पाणी आहे का गं तुझ्याकडे? राहू दे.

आता कुठे असते? असते. चेंबूरच्या बाजारात बसते, मासळी विकते. तीन वर्षांपूर्वी आमच्या शेजारच्या वनमालेबरोबर गेले होते सहज, भाजीला. आधी आवाज ऐकला मी. काय आवाज! सगळा बाजार तिच्या आवाजावर चाललेला. एका गिऱ्हाइकाला असं झाडत होती की तो बिचारा हसतच सुटला. वळून बघते तर अर्धा तुटलेला दात. मी पुढे झाले. म्हटलं, 'शेवंती ना तू?' तिने बघितलं माझ्याकडे. ओळखलं. शंभर टक्के ओळखलं, मला माहितीय, मी बघत होते. आणि तिने ऐकलंच नाही. म्हणजे ऐकलं, पण नाही ऐकलं. मग मी विचारलं, 'कसा दिलास वाटा?' तिने हात वर केला. तीन बोटं. म्हटलं, 'मी उत्तराबाई, माहुलच्या शाळेत—' परत तीन बोटं. आणि शेजारच्या बाईकडे वळून तोंड भरून बोलायला लागली.

घेतला वाटा. मग काय करणार. आणि दर रविवारी घेते. हो, दर रविवारी. हसू नको. आमच्या घरात मासळी चालत नाही, सासूबाई पिशवी बघितली तरी गोमूत्र शिंपडतील. वनमालेला देते सगळी. ती मालवणची, खूश होते, पण विचारते, 'बाई, तुमी खाणास नाय, मगे हाडतास कित्याक?' का आणते म्हणून काय सांगू तिला? दर रविवारी वाटेत वाक्य जुळवत जाते. साधं, स्वच्छ, पूर्ण वाक्य. तिथे उभी राहते, म्हणते. ती बोटं दाखवते. कधी दोन, कधी चार. माझी पिशवी भरते, आणि पुढच्याशी बोलते. तीन वर्षं झाली. तुमचं पुस्तक म्हणतं, दाणा थांबवला की कबूतर चोच मारायचं सोडतं. मी सोडलं का? नाही सोडलं. म्हणजे तेही खोटं.

हां, आता सही. देते, देते. घड्याळ नको बघूस, सव्वातीनच — काय गं मंजुळा? तू का उभी इथे? — काय म्हणालीस? परत बोल. — 'बाई, मी बाहेर जाऊ शकते का?' — अगं, हात का जोडलेस? कुणी शिकवलं हे? — कोणी? — काल? आधी जा तू. पळ! पळ बाळा, धावत जा, आणि परत कधी विचारायचं नाही, ऐकलंस? कधी नाही! कोणी काही म्हणालं तरी!

शुभा.

काल तुझा पाठ होता. काल तू सांगितलंस तिला, पूर्ण वाक्यात विचारल्याशिवाय सोडणार नाही. हात जोडून. सगळ्या वर्गाला सांगितलंस? फक्त तिला. का? 'केस खरी वाटावी म्हणून.' बरं. पर्स उघड. उघड म्हणते ना. काढ. पुडी काढ. पेपरमिंट. बघ, बघ! मी म्हटलं उतरवलं फक्त, पाप तरी नाही केलं. त्या बडबड्या पोरीचं तोंड कशाला बंद करायला निघालीस गं तू? ती बोलत होती! ती आपणहून बोलत होती! दे ती इकडे. सगळी. आण ते जर्नल. पेन नको तुझं, माझं लाल आहे.

हे मंजुळाचं नाव गेलं. खोडलं. इथे गेलं, इथे गेलं, इथे. आता निष्कर्षाच्या खाली जागा आहे थोडी, पुरेल. थांब. — 'मुलीचे नाव शेवंती, गाव माहुल, सन १९६०. विसाव्या दिवशी मुलीने बाहेर जाण्याची परवानगी तोंडाने मागितली. शिक्षिकेला ती समजली. शिक्षिकेने दिली नाही. मुलगी पुन्हा शाळेत आली नाही. गोळ्यांपैकी तिने एकही खाल्ली नव्हती. प्रयोग फसला.' वाचता येतंय ना? आता सही. प्रयोगकर्तीची सही — उत्तरा. मार्गदर्शिकेची सही — उत्तरा. दोन्हीकडे मीच. हे तुझं जर्नल नाही, माझं आहे, चौदा वर्षं उशिरा पुरं झालं. सही निष्कर्षाच्या त्याच पानाच्या पाठीवर केलीय, म्हणजे पान फाडलंस तर सही जाईल. सही हवी तर पानासकट दे.

नापास करतील? करतील, नाहीतर नाही करणार. मला काय विचारतेस. पेठे सरच प्रिन्सिपॉल आहेत ना आता? मग नाहीच वाचणार ते. ते तेव्हा नाही वाचू शकले, आता काय वाचतील. त्यांच्यासाठी लिहिलंच नाही मी. पुढच्या वर्षी एखादी येईल तुझ्याकडे, म्हणेल, शुभाताई, जर्नल द्या ना उतरवायला. तिला दे. नाही म्हणू नकोस, दे. प्राध्यापक वाचत नाहीत, पण उतरवणारीला वाचावंच लागतं. लाल शाईसकट उतरव म्हणावं.

बाकी माझ्या वर्गावरचे तुझे पाठ संपले. उरलेले दुसऱ्या शाळेत मागून घे, चिठ्ठी देते मी. आणि ही पुडी मी संडासात टाकते, मुलांच्या हाती लागायला नको. जा आता. चार वाजतील.

अगं, विचारतेस काय, जाऊ का म्हणून? जा!